अमावास्या ते अमावास्या : कोलकाता केंद्राचा एक महिना

ग्रंथाचे परीक्षण करावयाचे तर ग्रंथ पुढ्यात असतो. शंका आली की पान उलटून पाहता येते. नभोवाणीच्या कार्यक्रमाचे तसे नाही. तो हवेत विरतो आणि त्याच्याबरोबर टीकाकाराचा पुरावाही विरतो. म्हणूनच की काय, नाटकांवर आणि चित्रपटांवर रकानेच्या रकाने लिहिणारे आपले समीक्षक नभोवाणीच्या वाटेस फारसे गेलेले नाहीत. आम्ही २०२४ सालच्या ऑक्टोबरात तो प्रयत्न केला. २ तारखेच्या अमावास्येपासून ३१ तारखेच्या अमावास्येपर्यंत, कचेरी आणि झोप यांतून जेवढा वेळ उरला तेवढा आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रास दिला आणि एक वही ठेवली. बंगालचा हा महिना उत्सवाचा. तेव्हा केंद्राची श्रीमंती दिसेल तर याच दिवसांत दिसेल, असा आमचा हिशेब होता. तो बराचसा चुकला.

पहिली अमावास्या म्हणजे आपली सर्वपित्री. आपल्याकडे त्या दिवशी कोणी नवे काम आरंभीत नाही. बंगालात त्याच दिवसास महालया म्हणतात. सकाळी गंगेच्या घाटांवर तर्पणाची गर्दी होतेच, परंतु त्याआधी, पहाटे ४ वाजता, घरोघर रेडिओ लागतो आणि 'महिषासुरमर्दिनी' ऐकू येते. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी आदल्या संध्याकाळी येऊन आमच्या ट्रान्झिस्टरमध्ये नवे सेल आहेत ना, याची स्वतः खात्री करून घेतली. हाच कार्यक्रम मोबाईलवर केव्हाही ऐकता येतो, असे आम्ही सुचविताच त्यांनी आमच्याकडे जी दृष्टी टाकली, ती पंक्तीत बूट घालून बसलेल्या माणसाकडे टाकावी तशी होती.

हा कार्यक्रम १९३०च्या दशकाच्या आरंभी जन्मला. संहिता बाणीकुमारांची, संगीत पंकजकुमार मल्लिकांचे आणि वाचन बीरेंद्रकृष्ण भद्रांचे. केंद्र तेव्हा गार्स्टिन प्लेस या गल्लीत होते. ईडन गार्डन्सजवळच्या आजच्या वास्तूत ते १९५८ साली आले. आरंभीची कित्येक वर्षे कलावंत अपरात्री केंद्रात जमत आणि सारा कार्यक्रम प्रत्यक्ष सादर करीत. बीरेंद्रकृष्ण ब्राह्मण नव्हते. चंडीपाठ अब्राह्मणाने करावा काय, असा आक्षेप त्या काळी निघाला होता व बाणीकुमार त्यापुढे नमले नाहीत, असे सांगतात. वादकांत मुसलमान कलावंतही होते. आज वाजविले जाते ते साठीच्या दशकातील ध्वनिमुद्रण होय.

कलाकृती म्हणून तिच्याकडे पाहिले, तर प्रथम नजरेत भरतो तो गद्याकडून पद्याकडे जाणारा उतार. शंखध्वनी, संस्कृत स्तोत्र, मग बंगाली निवेदन, मग गीत, असा क्रम सुमारे दीड तास चालतो. परंतु सांधा कोठेच जाणवत नाही. बीरेंद्रकृष्ण प्रथम साध्या, किंचित जड आवाजात बोलू लागतात. वाक्ये लांबत जातात, स्वर चढतो, आणि निवेदन संपून पठण केव्हा सुरू झाले हे ऐकणाऱ्यास उमगत नाही. शेवटाकडे आवाज कापतो, गळा दाटतो. नाटकी म्हणावे अशी ही जागा आहे. दिवसाढवळ्या कोणी असे वाचले तर आम्ही बहुधा तोंड फिरवू. पहाटेच्या काळोखात तसे होत नाही. नभोवाणीस काळवेळ हीच रंगभूमी असते, हे आपल्या श्रुतिकाकारांनी क्वचितच ध्यानात घेतले आहे. दोषही सांगावयास हवेत. निवेदनाची भाषा विशेषणांनी वाकलेली आहे, प्रत्यक्ष युद्धाचा भाग घाईने उरकला जातो आणि काही गीतांतील वाद्यमेळ त्या काळच्या बोलपटांची आठवण करून देतो. द्विजेन मुखोपाध्याय आणि सुप्रीती घोष यांची गीते मात्र अजून ताजी आहेत.

एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. कोलकात्यास बदलून आल्यावर आम्हांस समजलेली पहिली बंगाली ही होती. बसवाहकाचे बोलणे कळत नव्हते, मासळीवालीचे तर मुळीच नाही. पण हे दीड तासाचे निवेदन जवळजवळ शब्दशः कळले. कारण उघड आहे. त्यातील दहांपैकी सहा-सात शब्द संस्कृत, म्हणजे आपलेच. त्या आनंदात आम्ही स्वतःस बंगालीचे जाणकार समजू लागलो. या महिन्याने तो भ्रम उतरविला. त्याकडे पुढे येऊ.

१९७६ साली, आणीबाणीत, केंद्राने हा कार्यक्रम बदलला. नवी संहिता लिहविली, संगीत हेमंत मुखोपाध्यायांकडे दिले, निवेदन लोकप्रिय नट उत्तमकुमार यांचे. योजना वरून पाहता निर्दोष होती. महालयेच्या सकाळीच लोक संतापले, केंद्रावर निषेधाचा मारा झाला आणि अखेर जुना कार्यक्रम परत आणावा लागला. श्रोते सरकारी खात्याशी भांडून जिंकले, तेही त्या दिवसांत, ही नभोवाणीच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. पण तिची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. त्या विजयानंतर नवे काही करून पाहण्याचा धीर केंद्रास पुन्हा झाला नाही. पन्नास वर्षे होत आली, एकच मुद्रण वाजत आहे, आणि ते इतके उत्तम आहे की त्याच्या पुढल्या पहाटेस आपण काय ऐकवणार, हा प्रश्नच कोणास पडत नाही.

येथे आमच्या वाचकांस 'गीतरामायण' आठवले असेल. १९५५च्या रामनवमीस पुणे केंद्राने ते सुरू केले आणि वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणे माडगूळकरांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात ऐकविली. सीताकांत लाड या केंद्राधिकाऱ्याची ती कल्पना. लोक रेडिओपुढे वही घेऊन बसत. दोन्ही कृतींत साम्य पुष्कळ. परंतु पुढे त्यांचे मार्ग फुटले. 'गीतरामायण' केंद्रातून बाहेर पडले; रंगमंचावर, तबकड्यांत, भाषांतरांत गेले आणि ते मुळात नभोवाणीसाठी लिहिले गेले होते हे सांगावे लागते. 'महिषासुरमर्दिनी'च्याही तबकड्या निघाल्या, परंतु ती वर्षातल्या एका पहाटेस बांधलेली राहिली. आपल्या कृतीने जग मिळविले आणि घर सोडले. त्यांच्या कृतीने घर सोडले नाही. कोणते बरे, हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. एवढेच म्हणतो, की पुणे केंद्राने रामनवमीची एखादी वेळ अशी हट्टाने धरून ठेवली असती, तर त्या सकाळी तरी घरोघर रेडिओ लागला असता.

२०२४ची महालया नेहमीसारखी नव्हती. ऑगस्टात शहरातील एका सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली होती. स्त्रिया रात्री रस्त्यावर उतरल्या होत्या. पूजेच्या दिवसांत धर्मतल्ल्यास कनिष्ठ डॉक्टर उपोषणास बसले होते. अशा वर्षी सर्व देवांनी आपापली शस्त्रे देऊन सज्ज केलेल्या देवीचे वर्णन पहाटे ऐकताना अंगावर काटा आला. मुद्रण तेच, अक्षर न् अक्षर तेच, ऐकणारे बदललेले. शेजारचे गृहस्थ दर वर्षी डोळे मिटून ऐकतात, त्या वर्षी ते खिडकीपाशी उभे होते. महिनाभरात केंद्राच्या स्वतःच्या कलाकार्यक्रमांतून या वेदनेस स्पर्श करणारे काही आमच्या कानांवर आले नाही. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाने याचे नवल करू नये, हे आम्हांस समजते. तरी वहीत ती जागा कोरी राहिली, हे नोंदविणे भाग आहे.

महालयेच्या दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, आपल्या घटस्थापनेच्या संध्याकाळी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी व बंगाली या दोन्ही भाषांस अभिजात दर्जा देण्याचे ठरविले. पाली, प्राकृत आणि असमिया यांनाही. कचेरीत दुसऱ्या दिवशी संदेश आणि पेढे एकाच टेबलावर आले. आम्हीही मनापासून आनंदलो. पण अभिजात ठरलेल्या भाषेचा आज श्वास कोठे चालतो, हे या महिन्याच्या उत्तरार्धात जितके कळले तितके त्या बातमीने कळले नाही.

नवरात्रातील कार्यक्रमांत आमच्या मते सर्वांत मोलाची होती ती आगमनी गाणी. रामप्रसाद सेन आणि कमलाकांत भट्टाचार्य यांच्यापासून ही परंपरा चालत आली आहे. उमा ही हिमालयाची आणि मेनकेची लेक. ती वर्षातून एकदा माहेरी येते, तीन दिवस राहते आणि दशमीस परत जाते. गाण्यांत देवी अशी नाहीच. आहे ती आई, जी नवऱ्याला म्हणते की लेकीला आणायला जा, तिचे कसे चालले आहे कोण जाणे, जावई तो असा फिरस्ता. ही गाणी ऐकताना आम्हांस भोंडला आठवला. तोही याच आश्विनात. परंतु भोंडल्यात बोलते ती लेक. सासरचे जाच, माहेरची ओढ, मिष्किलपणे सांगितलेली सासूची गाऱ्हाणी तिच्या तोंडून येतात. आगमनीत बोलते ती आई, माहेरच्या उंबरठ्यावर उभी राहून. एकाच दुःखाचे दोन काठ दोन भाषांनी वाटून घेतल्यासारखे वाटते. कोणा मराठी केंद्राने आणि कोलकाता केंद्राने मिळून अर्ध्या तासाचा एखादा कार्यक्रम या जोडीवर केला तर त्यास मोठा खर्च नाही. लोकसंगीताच्या जाणत्यांनी यावर लिहावे, ही विनंती.

बाकीच्या बऱ्याच गोष्टी थोडक्यात आटोपण्यासारख्या आहेत. साहित्यविषयक भाषणे हा नभोवाणीचा जुना आजार येथेही आहे: वक्ता बोलत नाही, निबंध वाचतो, आणि पानाचा कागद उलटल्याचा आवाज हाच काय तो जिवंत क्षण असतो. नाटकांत जुन्या मुद्रणांचा आधार जबर आहे. शंभू मित्र आणि तृप्ती मित्र यांचे आवाज पुन्हा ऐकावयास मिळाले तर आमची तक्रार कशाला असेल? पण त्यांच्यानंतर लागलेली नवी नाटिका बिचारी उगीच ओशाळी वाटते. रवींद्रसंगीत रोजचे, त्यात काही आवाज फार चांगले, काही केवळ शुद्ध. त्यावरून एक आठवण. १९४० साली नभोवाणीवरून पेटीची हकालपट्टी झाली, तिला याच केंद्रास लिहिलेल्या रवींद्रनाथांच्या पत्राचे बळ होते. पुढे १९५२ पासून दहा वर्षे नभोवाणीखाते सांभाळणारे आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. त्यांच्या कारकीर्दीतही बंदी टिकली. पेटीवर पोसलेल्या नाट्यसंगीताच्या मुलखातील मंत्र्याने ती उठवू नये, याचे आम्हांस अजून कोडे आहे. असो. विषय तो नव्हे.

कार्यक्रमांच्या नावांचीही एक गंमत. आपल्याकडे 'आपली आवड', 'वनिता मंडळ', 'गंमत जंमत', 'माझं घर माझं शेत'. येथे 'अनुरोधेर आसर', 'महिला महल', 'गल्पदादूर आसर', 'कृषिकथार आसर'. आसर म्हणजे बैठक, मैफल. बंगाली माणूस काहीही करावयाचे तर आधी बैठक मांडतो, हे या शहरात राहिलेल्या कोणासही पटेल.

आणि या शेवटच्या नावापाशीच आमचा भ्रम उतरला. शेतीविषयक कार्यक्रम आम्ही केवळ नेम म्हणून लावीत होतो. पहिल्या आठवड्यात चारआणे कळले. महालयेचे निवेदन समजलेला माणूस येथे नापास. 'माजरा पोका' म्हणजे आपला खोडकिडा. 'बादामी शोषक पोका' म्हणजे तपकिरी तुडतुडे. हे शब्द शेजाऱ्यांनाही सांगता आले नाहीत, ते जन्माचे शहरी. आम्ही ते भाजीबाजारात विचारून घेतले. ऑक्टोबरात आमन भात निसवत असते, पाणी किती ठेवावे हा प्रश्न असतो. हुगळी-बर्धमानकडे बटाट्याच्या लागवडीचे वेध लागतात. बोलणारे तज्ज्ञ जेव्हा पुस्तकी बोलत, तेव्हा आम्हांस कळे. शेतकरी प्रश्न विचारी, तेव्हा कळत नसे. भाषेचे दोन मजले असतात आणि आपण आजवर वरच्याच मजल्यावर पाहुणचार घेत होतो, हे तिसऱ्या आठवड्यात नीट उमगले. या कार्यक्रमात कला कोठे आहे, असे कोणी विचारील. प्रश्न विचारताना शेतकरी आधी थोडा थांबतो, मग आपल्या गावाचे नाव सांगतो, मग पिकाचे. त्या थांबण्यात आम्हांस सबंध महिन्यातील कोणत्याही नाटिकेपेक्षा अधिक नाट्य सापडले.

मग २४ तारीख आली. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ किनाऱ्याकडे येत होते. नाव कतारने दिलेले; येथील पत्रांत कोणी 'दाना' लिहीत होते, कोणी 'डाना'. बंगालीत डाना म्हणजे पंख. संध्याकाळी ६ वाजल्यापासून कोलकात्याचा विमानतळ बंद झाला, सियालदहच्या दक्षिण शाखेच्या लोकलगाड्या रात्रीपुरत्या थांबविल्या, ओडिशात पाच लाखांहून अधिक माणसे हलविली गेली. त्या रात्री आम्ही केंद्र लावून बसलो. संगीताच्या मधून सूचना येत होत्या. सागर, काकद्वीप, नामखाना, दिघा. वाऱ्याचा अंदाज, भरतीची वेळ, कच्च्या घरात थांबू नका, नाव पाण्यात घालू नका. विशेषण एक नाही. क्रियापदे सगळी आज्ञार्थी आणि लहान. निवेदिकेचा आवाज तरुण होता. प्रत्येक गावाचे नाव ती स्वतंत्र उच्चारीत होती, घाई न करता, जणू त्या गावातील कोणी नुकताच रेडिओ लावला असेल आणि त्याला आपले नाव चुकायला नको. महिनाभरात ऐकलेले सर्वांत चांगले बंगाली गद्य हेच, असे आम्ही वहीत लिहिले, आणि आज पुन्हा वाचतानाही त्यात खोडण्यासारखे काही दिसत नाही. आणि हे सारे आम्हांस कळले. तीन आठवड्यांच्या किडी आणि पाणी व्यर्थ गेले नव्हते.

वादळ मध्यरात्रीनंतर ओडिशात भितरकनिका आणि धामरा यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागले. कोलकात्यावर २५ तारखेस पाऊस कोसळला, रस्त्यांत पाणी साचले. मोठा घाव चुकला.

त्या रात्रीमुळे एक जुना वाद आमच्यापुरता निकालात निघाला. मध्यम लहरींचा काळ गेला, असे म्हणतात. देशभर जुने प्रक्षेपक एकामागून एक बंद होत आले आहेत, आणि एफ.एम.चा आवाज निःसंशय स्वच्छ असतो. पण एफ.एम. क्षितिजापुढे फारशी जात नाही. मध्यम लहर जमिनीलगत आणि विशेषतः खाऱ्या पाण्यावरून दूरवर पोचते. होडीत बसलेल्या माणसास हा फरक तांत्रिक वाटत नाही. २०२० सालच्या ३ जूनला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनकडे आले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत कित्येक गावांची वीज आणि मोबाईल दोन्ही दिवसेंदिवस गेले होते. आमच्यापैकी ज्यांची घरे तिकडे आहेत, त्यांना ते दिवस सांगावयास नकोत. सेलवर चालणारी पेटी तेवढी बोलत होती, ज्यांच्याकडे ती उरली होती त्यांच्याकडे.

याचा कलाकार्यक्रमांशी काय संबंध? आमच्या मते सगळाच. गावांची नावे नीट उच्चारणारी ती निवेदिका एका रात्रीत तयार होत नाही. रोज आगमनी गाण्यांची ओळख करून देणे, शेतकऱ्याचा प्रश्न वाचणे, नाटिकेत दुय्यम भूमिका करणे, यांतून तो आवाज घडतो. केंद्राचे तास जसजसे बाहेरून आलेल्या सामाईक कार्यक्रमांनी आणि जुन्या मुद्रणांनी भरत जातात, तसतशी ही तालीम आटते. रिक्त पद म्हणजे काय, आणि ते 'पुढील आदेशापर्यंत' रिक्त कसे राहते, हे आमच्या वाचकांस अन्य कोणापेक्षाही चांगले ठाऊक आहे. २०२३च्या जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय निघाला होता. ओरड झाली, निर्णय थांबला. १९७६च्या कलकत्त्याची ती लहानशी आवृत्ती म्हणावी. मात्र कलकत्त्यात ओरडणारे लोक त्या पहाटे रेडिओ ऐकून उठलेले होते. पुण्यातील ओरडणाऱ्यांपैकी किती जण आदल्या दिवशी सकाळची बातमीपत्रे ऐकत होते, हे विचारणे आम्ही टाळतो. कारण त्या यादीत आमचेही नाव आले नसते.

३१ तारखेस कालीपूजा. संध्याकाळपासून फटाक्यांचा असा गदारोळ, की केंद्रावर काय चालले आहे ते कळेना. वहीच्या शेवटच्या पानावर दोनच ओळी आहेत. रात्री शेजारचे गृहस्थ प्रसाद घेऊन आले. पुढच्या महालयेपर्यंत सेल गळून यंत्र खराब होईल, म्हणून आमच्या ट्रान्झिस्टरमधील सेल काढून ठेवावयास ते आले होते. स्वतःचे त्यांनी कधीच काढले होते. आम्ही म्हटले, राहू द्या दादा, उद्या संध्याकाळी 'कृषिकथार आसर' आहे. ते जरा वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमची शेती नेमकी कुठे आहे?"